सारख्या वजनाच्या पुड्या

काटेकोरांच्या पोटातला अल्सर पूर्ण भरून आला. दुर्बिणीच्या डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून तो जिथे होता ती जागा दाखवली आणि तिथे काहीच नव्हतं. सगळ्यांना आनंद झाला.

यातलं काहीही झालेलं नाही. अल्सर जागच्या जागी आहे, चांगला नखाएवढा आहे, आणि काटेकोर सकाळी साडेसहाला ओट्यापाशी उभे राहून छातीवर मूठ दाबतायत. आपण इथून सुरू करू. वरच्या ओळींबद्दल कुणी विचारलंच, तर आपल्याला ठाऊक नाही.

काटेकोर तराजू दुरुस्त करत. नाव त्यांचं वेगळं होतं, पण ते फक्त लाइट बिलावर उरलं होतं. त्यांच्या दुकानाला दोन खोल्या. पुढच्या खोलीत गोदामांचे, भाजीवाल्यांचे, भंगारवाल्यांचे मोठे काटे, आणि ते तपासायला वीस-वीस किलोची लोखंडी वजनं. मागच्या खोलीत काचेच्या पेटीतला तराजू, ज्याच्या पारड्यात पापणीचा केस ठेवला तरी काटा हलायचा. तिथे पंखा नव्हता, खिडकी बंद असायची, आणि दारावर पाटी होती की शिंक येत असल्यास कृपया रस्त्यावर जाऊन द्यावी. लोक जात. एकदा एक सोनार शिंकायला बाहेर गेला तो परत आलाच नाही. त्याचा तराजू अजून फळीवर आहे.

माणसाने कामाच्या जागची सवय घरी आणू नये म्हणतात. काटेकोरांनी घरच दुकानात नेल्यासारखं केलं होतं. बायकोने वाटाण्याची उसळ वाढली की ते दोन्ही ताटांकडे असे बघत, की ती म्हणे, "अहो, तुमच्यात तीन वाटाणे जास्त गेलेत, परत देता का?" आणि ते देत. मोजून तीन.

तर अल्सर. आधी छातीत जळजळ, मग पोटाच्या वरच्या बाजूला कुणी स्क्रूड्रायव्हर टोचून ठेवल्यासारखं दुखणं. बायकोने ओढत डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दुर्बीण घातली, अल्सर सापडला. त्यांनी विचारलं, दुसरी कुठली औषधं चालू आहेत का? काटेकोर नाही म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. खांदेदुखीची गोळी त्यांच्या मते चालू नव्हती. ती ते दुखलं तरच घेत. वीस किलोची वजनं उचलून खांदा दुखायचा रोजच, ही गोष्ट वेगळी. ती कुणी विचारली नव्हती.

डॉक्टरांनी ॲसिड कमी करणारी कॅप्सूल लिहून दिली. रोज सकाळी एक, उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी, आठ आठवडे. आठ आठवड्यांत भरला नाही तर पुढचा विचार करावा लागेल, आणि मध्येच रक्तस्राव झाला तर प्रकरण जिवावर बेतू शकतं, तेव्हा अंगावर काढू नका, असंही बजावलं. बायकोचा जीव त्या क्षणापासून टांगणीला लागला. काटेकोरांचा नाही. ते कॅप्सूलकडे बघत होते.

पाकिटावर वीस मिलिग्रॅम लिहिलं होतं. आता तराजूवाल्याच्या हातात आकडा लिहिलेली वस्तू द्यायची आणि म्हणायचं, गिळा. हे कसं जमावं? दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी काचेची पेटी उघडली आणि एकेक कॅप्सूल चिमट्याने पारड्यात ठेवली. तिसाच्या तीस. एकही दुसरीसारखी भरेना. सगळ्यांत जड आणि सगळ्यांत हलकी यांच्यात अकरा मिलिग्रॅमचा फरक. काटेकोर स्टुलावर बसले. इतकी वर्षं त्यांनी भाजीवाल्यांना दोन ग्रॅमसाठी सुनावलं होतं, आणि इथे एक अख्खा कारखाना दिवसाढवळ्या हे करत होता.

फरकातला बराचसा भाग कॅप्सूलच्या टोपणाचा असू शकतो, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणून त्यांनी टोपणं काढली. आत मोहरीहून बारीक पांढरे मणी होते. तेही एकासारखा एक नाही. मग त्यांनी कुठलाही सचोटीचा माणूस करेल तेच केलं, म्हणजे त्यांच्या मते. तिसांचे मणी एका खलात घातले, पीठ होईस्तोवर घोटले, आणि त्याच्या तीस पुड्या बांधल्या. अर्ध्या मिलिग्रॅमचा फरक नाही. प्रत्येक पुडीवर तारीख.

बायको चहा घेऊन आली तेव्हा टेबलावर पुड्यांची रांग होती. तिने विचारलं, कंपनीवाल्यांनी काही विचार करूनच मणी केले असतील ना? काटेकोर म्हणाले, कंपनीवाल्यांना वजन कळत नाही. माहितीचा कागद पाकिटात होता, चांगला लांबलचक. त्यांनी तो वीस मिलिग्रॅमपर्यंत वाचला होता. पुढे नुसते शब्द होते.

आणि मग त्या पुड्या इतक्या शिस्तीत घेतल्या गेल्या की डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. साडेसहाला पुडी, पाण्याबरोबर. सातला नाश्ता. सहा एकोणसाठला बायकोने ताट ठेवलं तर ते एक मिनिट त्याच्याकडे बघत बसत. दुपारी वजनं उचलायची, खांदा दुखला की गोळी, तीही उपाशीपोटी, कारण पोट जळत असल्यामुळे जेवण जायचं नाही. पुड्यांनी फरक पडेना. महिनाभरात ते तीन किलो चारशे ग्रॅमने उतरले. हा आकडा त्यांनी भिंतीवर लिहून ठेवला होता, आठवड्यागणिक, आणि बायको तो वाचायची आणि स्वयंपाकघरात जायची. एकदा ती जाता जाता म्हणाली, की माणूस संपत चाललाय आणि याला हिशोब बरोबर लागल्याचा आनंद.

तिसावी पुडी संपली त्या दिवशी दुपारी एक वजन उचलताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. वजन पायावर पडलं नाही, पायाशेजारी पडलं. ते भिंतीला टेकून उभे राहिले, घाम पुसला, आणि औषधाच्या दुकानात निघाले. पोटासाठी नाही. तक्रार द्यायला. नवीन पाकीट तर घ्यायचंच होतं, पण आधीच्या पाकिटाचा निकाल लागल्याशिवाय नाही.

गल्लीच्या तोंडाशी औषधाचं दुकान होतं आणि तिथे एक फार्मासिस्ट मुलगी बसायची. तिला सगळे चौकशीताई म्हणत, कारण तिच्याकडून डोकेदुखीची एक गोळी घ्यायची म्हटलं तरी पाच प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत. घाईतली माणसं दोन गल्ल्या ओलांडून दुसरीकडे जात. काटेकोरही नेहमी तिकडेच जात. खांद्याची गोळी तिकडे मागितली की मिळायची. आज मात्र तेवढं चालण्याचा दम नव्हता. देवाची कृपा म्हणा, नाहीतर गुडघ्यांची.

त्यांनी काउंटरवर कागद ठेवला. तीस नोंदी, तीन दशांश स्थळांपर्यंत. चौकशीताईने तो वरपासून खालपर्यंत वाचला, असा कागद रोज येत असल्यासारखा.

"काका, वजन करून झाल्यावर कॅप्सूल तशीच गिळलीत ना पण?"

"कॅप्सूल कशाला गिळू? तो नुसता डबा."

"मग आतलं?"

"दळलं," काटेकोर म्हणाले. "दळलं, चाळलं, सारखं केलं. अर्ध्या मिलिग्रॅमचा फरक दाखवा."

"फरक नाही, काका," ती म्हणाली. "औषधही नाही."

मग तिने सांगितलं. हे औषध पोटातल्या ॲसिडपुढे टिकत नाही. म्हणून प्रत्येक मण्याला वरून आवरण दिलेलं असतं. त्या आवरणाच्या जोरावर मणी पोट ओलांडतो, पुढे आतड्यात जाऊन विरघळतो, मग औषध रक्तातून फिरून मागच्या दाराने पोटाशी येतं आणि ॲसिडचे नळ बंद करतं. मणी दळले की आवरण गेलं. मग औषध पोटातच मरतं. ज्याला थांबवायचं त्याच्याच हातून. चावायची नाही, कुटायची नाही, हे त्या कागदावर लिहिलेलं असतं, जाड अक्षरात.

काटेकोरांना तराजूची धार आठवली. तराजूची दांडी एका पोलादी धारेवर तोललेली असते. नवशिका कामगार ती गंजलेली समजून कानशीने घासतो, लख्ख करतो, आणि तराजू कायमचा मरतो. असल्या माणसांबद्दल काटेकोर जे शब्द वापरत ते त्यांना एकामागून एक आठवले. सगळे लागू पडत होते.

चौकशीताई थांबली नव्हती. ती विचारत होती, दुसरी काही गोळी? दुखण्याची, सर्दीची, कधीमधी घेतलेली, दुसऱ्या दुकानातून आणलेली? "चालू आहे का" असं नाही विचारत, काका, घेतली का असं विचारतेय. या फरकाची काटेकोरांना मनापासून कदर वाटली. त्यांनी खांद्याच्या गोळीचं नाव सांगितलं. किती? दिवसाला दोन, कधी तीन. कधीपासून? दीड वर्ष. तिने पेन खाली ठेवलं. या गोळ्यांनीच पोटाला जखम होते, ती म्हणाली, आणि झालेली भरत नाही.

मग तिने पुढचा प्रश्न विचारला. तो तिने आवाज खाली आणून विचारला, कारण शेजारी एक बाई बाळाचे लंगोट घेत होती.

"आणि शौचाचा रंग, काका?"

काटेकोरांनी छताकडे पाहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात हा विषय त्यांच्या घरात निघाला नव्हता. पण प्रश्न नेमका होता, आणि नेमक्या प्रश्नाला उत्तर न देणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"डांबरासारखा," ते म्हणाले. "कालपासून."

चौकशीताई काउंटरच्या मागून बाहेर आली. तिला उभी, पूर्ण पायांसकट, गल्लीत फारसं कुणी पाहिलं नव्हतं. तिने शटर अर्धं ओढलं आणि लंगोटवाल्या बाईला म्हणाली, पैसे उद्या द्या.

"चला."

"कुठे?"

"दवाखान्यात. आत्ताच्या आत्ता. काळं म्हणजे रक्त आहे ते, आतून जातंय."

"आणि दुकान?"

"दुकानाला अल्सर नाही, काका."

रिक्षात तिने त्यांच्या बायकोला फोन केला. बायको दवाखान्यात आधी पोचली, एका पायात तिची चप्पल आणि दुसऱ्यात शेजारणीची. पुढचे दोन तास तिच्या शेजारी चौकशीताई बसली होती आणि काही विचारत नव्हती, म्हणजे काय परिस्थिती असेल ते समजा.

आत दुर्बीण गेली. अल्सरच्या बुडाशी एक रक्तवाहिनी उघडी पडली होती. डॉक्टरांनी तिला बारीकशी क्लिप लावली, तपासायला एक तुकडा काढला, आणि रक्ताची पिशवी चढवली. शुद्धीवर आल्यावर काटेकोरांनी नर्सला विचारलं, पिशवीत नेमकं किती आहे? नर्स म्हणाली, साधारण साडेतीनशे. 'साधारण' ऐकून त्यांनी डोळे मिटले. पण तक्रार केली नाही. कुणा अनोळखी माणसाने आपल्या अंगातलं काढून दिलं होतं आणि मोजून घेतलं नव्हतं, हा विचार त्यांच्या डोक्यात पहिल्यांदाच आला आणि बराच वेळ गेला नाही.

डॉक्टरांना दळण्याची हकीगत कळली तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. मग रिपोर्ट आला आणि त्यांनी तो हात काढला. तुकड्यात अल्सरचे जंतू सापडले होते. डॉक्टर म्हणाले, ॲसिडचं औषध नीट चालू असतं तर हे जंतू कधीकधी लपून बसतात, तपासणीत दिसत नाहीत. म्हणून तपासणीआधी ते औषध दोन आठवडे थांबवतात. तुमचं औषध लागूच पडत नव्हतं, तेव्हा सापडले. चांगलं झालं असं मी म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका. काटेकोर म्हणाले नाहीत. बायको आधीच म्हणून बसली होती.

संध्याकाळी दोघंच होती. काटेकोर म्हणाले, "अगं, त्या पोरीने विचारलं नसतं तर?"

"मी पस्तीस वर्षं विचारतेय," बायको म्हणाली. "उत्तर दिलंत कधी?"

त्यावर त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, की महिनाभर सहा एकोणसाठला ताट तयार ठेवलंस, त्याबद्दल राहिलंच. तिने दुसरीकडे तोंड फिरवलं. नंतर ती चौकशीताईला सांगत होती की या माणसाला अजून थोडं रक्त देता येईल का बघ, गुण येतोय.

पुढचे चौदा दिवस जंतूंच्या गोळ्या आणि ॲसिडची कॅप्सूल, अख्खी, टोपणासकट. त्यानंतर नुसती कॅप्सूल. खांद्याची गोळी बंद. वजनं हातगाडीवरून ढकलायची, खांद्याला शेक. दुखलंच तर कुठली गोळी चालेल ते डॉक्टरांना विचारून. काटेकोर कॅप्सूल डोळे मिटून गिळत, कारण उघडे ठेवले तर हात तराजूकडे जायचा. आठ आठवड्यांनी परत दुर्बीण घातली आणि मग ते झालं, ज्याबद्दल आपल्याला ठाऊक नाही. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. क्लिपसुद्धा गळून गेली होती. काटेकोरांनी त्या मोकळ्या जागेला नमस्कार केला, आडवे असतानाच.

डॉक्टरांनी कॅप्सूल थांबवली आणि दोन आठवड्यांनी जंतू गेले की नाही ते बघायला श्वासाची तपासणी ठरवली. चौथ्या दिवशी छातीत पुन्हा जळजळ. काटेकोरांची पाचावर धारण बसली. ते तडक चौकशीताईकडे गेले आणि वर्षभराच्या कॅप्सूल मागितल्या. तिने द्यायला साफ नकार दिला. औषध थांबवल्यावर ॲसिड थोडे दिवस उसळतं, ती म्हणाली, ते बसेल. तोवर तिखट कमी, रात्रीचं जेवण लवकर, फारच जळलं तर डॉक्टरांनी सांगितलेलं पातळ औषध. हे औषध गरज असेल तेवढंच घ्यायचं. ज्यांना वर्षानुवर्षं लागतं त्यांना लागतं, पण डॉक्टरांच्या नजरेखाली; कारण लांबलं तर हाडं, बी-ट्वेल्व्ह, मॅग्नेशियम यांच्याकडे लक्ष ठेवावं लागतं. आणि काळं दिसलं, चक्कर आली, तर माझ्याकडेही यायचं नाही, सरळ दवाखाना. काटेकोरांनी सगळं लिहून घेतलं आणि सही करून तिला एक प्रत दिली.

जळजळ बसली. श्वासाची तपासणी स्वच्छ आली. आणि आता काटेकोरांपुढे आयुष्यातला पहिला असा प्रश्न उभा राहिला, जो पारड्यात मावत नव्हता. या पोरीचे उपकार फेडायचे कसे? बायको म्हणाली, फेडू नका, नुसतं थँक्यू म्हणा. पण थँक्यूचं वजन किती भरतं?

औषधाच्या दुकानाबाहेर पायरीशी माणसांचं वजन करायचा काटा होता. काटेकोरांनी एका सकाळी त्यावर आपलं वीस किलोचं वजन ठेवून पाहिलं. अठरा भरलं. त्यांच्या अंगावर काटा आला, आणि मग आनंदही झाला, कारण हे त्यांना येत होतं. त्यांनी तो काटा उचलून नेला, स्प्रिंग बदलली, तासून-घासून तबकडी नवी केली, आणि संध्याकाळी परत आणून ठेवला. ग्रॅमचा फरक नाही. मोबदला नाही. चौकशीताई म्हणाली, काका, किती छान. त्यांचा ऊर भरून आला.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या गल्लीचं वजन दोन किलोने वाढलं.

शिंप्याने पायरीवरच सांगितलं की यंत्र बिघडलं. केस कापणारा म्हणाला, आपण रोज पळतो, त्यामुळे हे शक्य नाही. शाळेच्या मुख्याध्यापिका चप्पल काढून, मग पर्स ठेवून, मग श्वास सोडून उभ्या राहिल्या, आणि गेल्या त्या दुसऱ्या दुकानाच्या काट्याकडे. आठवडा झाला तरी कुणी पायरी चढेना. काटेकोर समजावायला गेले की खरं काय ते हे आहे. चौकशीताईने त्यांना आत बसवलं.

"काका, लोक वजनासाठी यायचेच नाहीत," ती म्हणाली. "दोन किलो कमी दिसलं की खूश व्हायचे, मग बोलायला उभे राहायचे. त्यात मी विचारून घ्यायचे. पोट कसंय, झोप कशीय, कुठली गोळी स्वतःच्या मनाने घेताय का. शिंपीकाका दुखण्याच्या गोळ्या दिवसाला तीन घेतात. त्यांना मी हळूहळू काळ्या रंगापर्यंत आणणार होते."

ती रागावली नव्हती, हेच काटेकोरांना लागलं. त्यांनी काट्याकडे पाहिलं. स्क्रू अर्धा फिरवला की झालं, दोन किलो परत. त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला, खाली वाकले, आणि वाकलेलेच राहिले. हात जाईना. खोटा काटा त्यांनी जन्मात केला नव्हता, आणि खोटा काटा ठेवला तर कायद्याने दंड होता, तोही पोरीला. पण शिंप्याच्या पोटात या क्षणी काय चाललं असेल, हेही आता त्यांना ठाऊक होतं. अगदी आतून ठाऊक होतं. ते उठले, त्यांनी शिंप्याच्या दुकानात जाऊन तासभर त्याला स्वतःच्या शौचाची साद्यंत हकीगत सांगितली, आणि त्याला हाताला धरून चौकशीताईपुढे आणून बसवलं. एक झाला. पण गल्ली लांब होती आणि काटेकोरांना दुकानही होतं.

म्हणून त्यांनी घरी येऊन कोरा कागद घेतला. बायकोने चहा ठेवला आणि शेजारी बसून शुद्धलेखन पाहिलं.

"प्रति, माननीय निरीक्षक, वजनमापे कार्यालय. विषय: एक काटा चुकीचा ठेवण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे कळवितो की, मी तेहतीस वर्षे काटे अचूक करीत असून माझ्याविरुद्ध एकही तक्रार नाही. आमच्या गल्लीतील औषध दुकानाबाहेरील काटा मी कृतज्ञतेच्या भरात अचूक केल्याने नागरिकांच्या प्रकृतीस धोका निर्माण झाला आहे. सबब, सदर काटा प्रतिव्यक्ती दोन किलो कमी दाखवील अशा प्रकारे बिघडविण्यास परवानगी देण्याची व तो तसाच प्रमाणित करून त्यावर आपल्या कार्यालयाचा शिक्का मारून देण्याची कृपा करावी. सदर दोन किलो माझ्या नावे मांडावेत. मी ते बाळगण्यास तयार आहे. तसेच, फार्मासिस्ट बाई प्रश्न विचारीत असताना समोरील व्यक्तीस मध्येच निघून जाण्यास कायद्याने मनाई करावी, ही विनंती. कळावे."